सोमवारची कंपनी

हे मी घरच्यांनाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते — काहून, ते मलाही ठाऊक नाही.

तसं बरं चाललंय माझं, तक्रार नाही. लाखनीत हायवेला लागून दुकान आहे. आमच्या बायकांचे तांदळाचे पापड मी मोबाईलवरून पार पुण्यापर्यंत विकते. गिऱ्हाइकाचे पैसे पेमेंटवाल्या कंपनीकडे जमा होतात, तिथून मी बावीस जणींच्या खात्यांत पाठवते. आता गंमत बघा — पाठवायची फी दर खेपेला सारखीच. दीडशे पाठवा की पाच हजार! आणि लगेच पाहिजे असतील तर फी आणखी जास्त. ती जाते माझ्या वाट्यातून. म्हणून आठवडाभराचे गोळा करून मी सोमवारी एकदाच पाठवते. शहाणपणच की नाही?

पण हे बायकांना सांगितलं नाही. म्हटलं, कंपनीच सोमवारी देते. खरं सांगितलं असतं तर रोज कुणीतरी दारात — "ताई, माहे तेवढे आज टाका नं." कोणाला पाहिजे ती कटकट? आणि बाप्पा, त्यांनी मानलं! 'सोमवारची कंपनी' असं नावच पडलं.

त्यांच्यातलीच कौसल्याबाई काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी आली. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता, फी भरायचा शेवटचा दिवस शुक्रवार. तिचे पैसे जमा होते — तिच्याच पापडांचे. 'लगेच पाठवा' हे बटण माझ्या बोटाखाली होतं. किती गेले असते जास्तीचे? दोन कप चहाचे.

मी म्हटलं, "बाई, कंपनी सोमवारशिवाय देतच नाही."

तिला दिले असते तर बाकी एकवीस जणींना कळलं असतं, की सोमवार माझाच आहे. त्याची भीती होती, पैशाची नाही. — बरं, थोडी पैशाचीही.

ती रागावली नाही. उलट मलाच समजावलं, "तुमी काय करान ताई, कंपनीले कोठं लेकरंबाळं असतेत!" आणि त्याच संध्याकाळी दुभती शेळी विकली — माझ्याच शेजाऱ्याला, मागेल त्या भावात. चार दिवस शेळी नुसती ओरडत होती. मी खिडकी लावून घेतली.

मुलगी नर्स झाली. पहिल्या पगाराचे पेढे कौसल्याबाईनं आधी मला आणून दिले. दोन खाल्ले. गोड लागले, खोटं कशाला बोलू?

परवा ती एका नव्या बाईला सांगत होती, "कंपनी लय कडक हाय, पण आपली ताई चांगली हाय." मी तिथेच पापडांची पाकिटं बांधत होते. मान खाली घालून बांधत राहिले.

कंपनी कोणत्याही वारी देते, कौसल्याबाई. कडक मी होते.