म्हातारी जलपरी

लवू धुरी गिरणीच्या साचेखात्यात कापड विणायचा आणि सणासुदीला बाई व्हायचा. यात हसण्यासारखं काही नाही. मालवणकडच्या दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि लवूची तारामती पाहून लालबागमधल्या खऱ्या बायका पदराने डोळे पुसत घरी गेलेल्या आहेत. दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाही. समोरचा काय विचारेल याचा नेम नसतो आणि उत्तर उभ्या उभ्या सुचावं लागतं. लवूला ते असं सुचायचं, की समोरचा राजा नुसता मुकुट सावरत बसायचा.

सोळाव्या वर्षी मुंबईला आल्यापासून त्याने मिशी म्हणून राखली नाही. खात्यातले लोक ‘वहिनी, आज डब्यात काय?’ असं विचारायचे. तो लटक्या रागाने मान वेळावायचा आणि सगळं खातं खूश व्हायचं. गावकऱ्यांच्या गाळ्यात वीसेक जण पथाऱ्या टाकत, पण खिडकीखालची वाऱ्याची जागा लवूची. जाईबाईच्या खाणावळीत बाकीच्यांना आमटी-भात, आणि याच्या ताटात न मागता माशाची तुकडी पडायची. ‘आमची राणी आसा ती,’ असं जाईबाई सगळ्यांदेखत म्हणायची. बायको गावी, वर्षातून एकदा भेटायची. एरवी या माणसाचं स्वतःचं असं जे काही होतं ते एवढंच, की लोकांनी आपल्याकडे बघावं. गणपतीतल्या खेळात मुख्य बाईचं काम त्याने कधी मागितलं नव्हतं. मागायचा प्रश्नच नव्हता, ते त्याचंच असायचं.

छपन्न साली ते गेलं.

त्या वर्षी लालबाग धुमसत होतं. जानेवारीत गोळीबार झाला, तेव्हा गाळ्यातला आनंदा दूध आणायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. ऑगस्टात दिल्लीने सगळ्यांना एकाच द्विभाषिक राज्यात कोंबायचं ठरवून टाकलं. पाठोपाठ गणपती आले. मंडळाच्या मेळ्याचा खेळ म्युनिसिपल शाळेतले कोंडीराम मास्तर लिहायचे. या वेळी त्यांनी पुराण बाजूला ठेवलं आणि जलपऱ्यांचा खेळ लिहिला. एका शेठने समुद्रातून जलपऱ्या धरून आणल्यात, बागेत काचेचा हौद बांधून त्यात कोंडल्यात आणि तिकीट लावून तो त्यांना कोलांट्या मारायला लावतो. त्यातली सगळ्यात देखणी परी तो काही केल्या सोडायला तयार नाही. ही देखणी परी म्हणजे कोण, हे लालबागमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मात्र खेळात मुंबईचं नाव कुणी घ्यायचं नाही, अशी मास्तरांची सक्त ताकीद होती. पहिल्या रांगेत साध्या कपड्यांतले पोलीस येऊन बसत. नाव निघालं की परवानगी गेली, आणि तिच्याबरोबर मेळाही गेला.

लवूने गोष्ट ऐकली आणि मनातल्या मनात शेपूट शिवायलाही घेतलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, की देखण्या परीच्या कामाला गिरगावातून एक मुलगी येणार आहे.

मुलीचं नाव सुनेत्रा. कॉलेजात शिकत होती, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आली होती. दिवस बदलले, बाईचं काम बाईनेच केलेलं आता लोकांना हवं असतं, असं मास्तरांनी लवूला समजावलं. तुझ्यासाठी मी खास काम लिहिलंय, असंही म्हणाले. ते खास काम म्हणजे हौदात उभा जन्म काढलेली म्हातारी जलपरी. पांढरे केस, गळालेले खवले. लवूचं वय तेव्हा चौतीस.

त्याच्या पोटात दुखायला लागलं ते तालमीच्या पहिल्याच दिवसापासून. तिच्या केसांचा त्याला हेवा वाटला, कारण ते काम संपल्यावर खुंटीला टांगावे लागत नसत. तिच्या गालांचा हेवा वाटला. दाढीची हिरवट सावली झाकायला लवूला रंगाचे दोन-दोन थर चढवावे लागत, आणि ही पोरगी आरशात बघायचीसुद्धा नाही. बरं, खोट काढावी तर निघेना. वेळेवर येई, सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून चहा पिई, कुणाला नाक मुरडत नसे. ती जरा माजोरडी असती तर लवूचं अर्धं दुखणं तिथेच बरं झालं असतं. वर ती त्याला ‘लवूकाका’ म्हणायची. तारामतीला काका!

एकदा जाईबाईने तिला हौसेने जेवायला बोलावलं आणि त्या दिवशी माशाची तुकडी तिच्या पानात पडली. लवू अर्ध्या जेवणावरून हात धुऊन उठला. पोट बरं नाही म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

मत्सराला नजर मात्र तीक्ष्ण असते. लवूने एक गोष्ट हेरली. पोरगी पाठ करून बोलते. मास्तरांनी ‘आणि’ लिहिलं असेल तर चुकून ‘व’ म्हणायची नाही. एकदा तालमीत शेठचं काम करणाऱ्याने दोन वाक्यं गाळली, तर ती तिथल्या तिथे थांबली आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. लवूने ते पाहिलं आणि कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा खुलला.

पहिल्या खेळाला मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर निळ्या झिरझिरीत कापडामागे हौद केला होता. पऱ्यांचे पाय हिरव्या साटिनच्या शेपटीत बांधलेले, त्यामुळे चालता येत नसे. मंडळाचे कार्यकर्ते त्यांना उचलून पाटावर बसवत, आणि पडदा पडेपर्यंत तिथून हलायची सोय नव्हती. सुनेत्रावर उजेड पडला तेव्हा गर्दीतून एकदम हलकासा ‘अहाहा’ आला. लवूच्या तो चांगला ओळखीचा होता. इतकी वर्षं तो त्याच्यासाठी यायचा.

खेळाच्या मध्यावर म्हातारी परी देखणीला ‘समुद्र आठवतो का?’ असं विचारते आणि मग देखणीचं मोठं भाषण होतं. लवूने ते विचारलंच नाही. तिच्याकडे वळून त्याने गळा गोड केला.

“बाळे, शेठ म्हणतो तू त्याची. तिकीट काढणारे म्हणतात तू पैशाची. तुझं तू सांग. तू कुणाची?”

याचं उत्तर मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं. खरं सांगायला बंदी, आणि खोटं लालबागने ऐकून घेतलं नसतं. सुनेत्राने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. उठून पळावं तर पाय शेपटीत. विंगेत मास्तरांनी कपाळाला हात लावला. पोरीचे डोळे भरून आले, आणि लवूला आतून गुदगुल्या झाल्या. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झाल्या.

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आमची.’ मग आणखी दोघं. मग बायकांच्या बाजूने आवाज आला आणि बघता बघता सगळा मंडप उभा राहून ‘आमची, आमची’ म्हणून गर्जायला लागला. पोलीस एकमेकांकडे बघत राहिले, कारण स्टेजवर कुणी मुंबईचं नाव काढलं नव्हतं. सुनेत्रा घाबरून रडत होती. लोकांनी ते परीचंच रडं मानलं आणि टोप्या काढून डोळे पुसले. लवू करायला गेला काय आणि झालं काय!

पडदा पडल्यावर ती शेपूट हातात धरून आली आणि त्याच्या पाया पडली.

“काका, आधी सांगितलं नाहीत ते बरं केलंत. सांगितलं असतंत तर मी पाठ करून काहीतरी बोलले असते. उद्याही विचाराल ना?”

मास्तरांनी प्रश्न पक्का केला. दुसऱ्या दिवशी गिरणीत, हॉटेलात, नाक्यावर सुनेत्राचंच नाव. लवू साच्यावर उभा राहून विचार करत होता. प्रश्न माझा आहे. मी विचारला नाही, तर कसली परी आणि कसली गर्जना! संध्याकाळपर्यंत त्याचं ठरलं. नाही विचारायचं.

त्या दिवशी परळ-दादरची माणसंही येऊन उभी होती. ती वेळ आली आणि लवूने ओठ मिटले. मास्तर विंगेतून हातवारे करायला लागले. सुनेत्रा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नुसता भरवसा होता. मंडप थांबला होता. पुष्कळ दिवसांनी सगळं लालबाग लवू धुरीच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्याला ते मनापासून गोड लागलं.

बायकांच्या बाजूला जाईबाई उठून उभी राहिली.

“ह्यो गप बसलो, तर बसांदे. पोरी, मी इचारतंय. तू कोणाची गो?”

मंडप उसळला. आदल्या दिवसाच्या दुप्पट. सुनेत्राने लवूवरची नजर काढली आणि जाईबाईकडे बघून रडता रडता हसली. पोरं ओरडत होती, विंगेत मास्तर ओरडत होते, शेठ झालेला नटसुद्धा हौदाबाहेर हात वर करून ओरडत होता. अख्ख्या मंडपात एकटा लवू गप्प होता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दशावतारातला रिवाज असा, की गालाला बाईचा रंग लागला की तो उतरेपर्यंत पुरुषाचा आवाज काढायचा नाही. लवूने तो अठरा वर्षं पाळला होता. त्याने पांढऱ्या केसांचा टोप मागे सारला आणि साच्यांच्या खडखडाटावरून हाका मारून कमावलेल्या, खऱ्या आवाजात तो जीव तोडून ओरडला, “आमची!”

शेजारच्या पाटावर बसलेल्या सुनेत्रालासुद्धा ते ऐकू गेलं नाही.