जॅझ गाणाऱ्या स्टेलाबाई

शनिवारी हॉटेलात कार्यक्रम असला की स्टेलाबाई सकाळपासून कुणाशी बोलत नसत. दूधवाल्याला बोटांनी माप सांगत, माझ्या आईकडे पाहून गळ्यावर हात ठेवत आणि हसत. आई म्हणे, "आज बाईंचं मौन. संध्याकाळी हॉटेलसमोर गाड्यांची रांग लागणार."

फ्रेझर टाउनात आमची घरं लागून होती. वडील कारखान्यात इंजिनीअर. आई बेळगावची, त्यामुळे तिचं आणि या अँग्लो-इंडियन बाईंचं कानडीत छान जमायचं. एकोणीसशे पन्नासच्या दशकात बंगळूरच्या कँटोन्मेंटात जॅझ म्हटलं की स्टेलाबाईच. मद्रासहून लोक मुद्दाम येत. कौतुक केलं की त्या म्हणत, "अक्का, मी स्वल्पच गाते. बाकीचं जोसेफ गातात."

जोसेफ म्हणजे त्यांच्या बँडमधले म्हातारे ट्रम्पेटवादक. पोरवयात, पहिल्याच कार्यक्रमात स्टेलाबाईंचा आवाज भीतीनं बसला, तेव्हा जोसेफनी ती ओळ ट्रम्पेटवर वाजवून वेळ निभावली होती. ऐकणाऱ्यांना वाटलं, गाणं असंच बसवलंय.

एका वर्षी नाताळाच्या तोंडावर मॅनेजरनं सांगितलं, "म्हाताऱ्याला दम पुरत नाही. नवा वादक आणलाय."

"मग गाणारीही नवी आणा," म्हणून स्टेलाबाई तडक घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी जोसेफच त्यांच्या अंगणात येऊन विनवू लागले, "बाई, परत जा. माझ्यापायी नाव घालवू नका."

"तुमच्यासाठी नाही हो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाबरोबर मला गाताच येत नाही."

नाव गेलंच. हॉटेलला दुसरी गायिका मिळाली आणि मद्रासचे लोक तिच्यासाठी येऊ लागले. स्टेलाबाई मुलांना पियानो शिकवत, लग्नांत गात. शेजारी जोसेफ, आता खुर्चीत बसून वाजवणारे. आईनं एकदा विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. शनिवारी फार वाटतं," एवढंच त्या बोलल्या.

साठच्या दशकाच्या अखेरीला जोसेफ गेले. दफनाच्या वेळी स्टेलाबाई भर उन्हात उभ्या राहून त्यांच्या आवडीचं गाणं गायल्या. एक ओळ झाली की थांबायच्या. बराच वेळ नुसती शांतता. मग पुढची ओळ. आईला वाटलं, दुःखानं शब्द आठवेनासे झालेत. ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "राहू दे, स्टेला. बस झालं."

स्टेलाबाईंनी मान हलवली. "विसरले नाही, अक्का. इथं ते वाजवतात."

आणि त्यांनी पुढची ओळ उचलली.