कणसरीची मूठ

"पदर सोड," ती बाई म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मी तिच्या मागे. इंदिरानगरमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शाळेला दिवाळीची सुट्टी, म्हणून आई मला कामावर सोबत घेऊन गेली होती. बाईनं शेजारच्या दोघींना हाक मारून बोलावलं होतं, साक्षीला. त्या चहाचे कप हातात घेऊनच आल्या.

"सोड म्हणते ना. काय बांधलंयस गाठीत?"

आईचा हात गाठीकडे गेला. गाठ सुटली आणि तांदूळ फरशीवर सांडला. मूठभर. एका पोराचंही पोट भरलं नसतं त्यात.

"बघा," बाई शेजारणींना म्हणाली. "नवीन पोतं आज फोडलं आणि हिनं आजच हात मारला."

"चोरलां नाय बाई," आई म्हणाली. "कणसरीचां हाय. तुमच्याच घरासाठी घेतलां."

"कोण कणसरी?"

"आमची देवी. दाण्याची."

बाई हसली. शेजारणीही हसल्या. "वा गं वा! देवी तुमची आणि तांदूळ आमचा?"

मग तिनं कोपऱ्यातला झाडू आईच्या पायाशी टाकला. भर म्हणाली. आईनं झाडूला हात लावला नाही. ती खाली बसली आणि फरशीवरचा दाणा न् दाणा बोटांनी वेचू लागली. धान्याला झाडू लावायचा नसतो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाईला वाटलं, चोरी कबूल झाली. "असं. आता कशी वठणीवर आली," ती म्हणाली.

मीही खाली बसले. लवकर वेचून झालं तर लवकर घरी जाता येईल, असं मला वाटत होतं.

आम्ही पेठ तालुक्याकडचे. कोकणा आदिवासी. आमच्याकडे नवा दाणा घरात आला की चुलीवर चढण्याआधी त्यातली एक मूठ कणसरीसाठी काढतात. पळसाच्या पानावर ठेवतात, त्या घराचं नाव घेतात आणि मगच खातात. तसं केलं नाही तर दाणा रुसतो, घराला पुरत नाही. त्या फ्लॅटमध्ये धान्य निवडायचं काम आईकडे होतं. नव्या तांदळाला पहिला हात तिचा लागला, म्हणजे मूठ काढणंही तिच्यावरच आलं, असा तिचा साधा विचार. पण काढलेली मूठ ठेवणार कुठे? देवघराच्या बाजूला फिरकायचं नाही, ही पहिल्याच दिवशीची ताकीद. म्हणून तिनं ती पदरात बांधली. आमच्या खोलीवर नेऊन कणसरीपुढे ठेवणार होती आणि त्या बाईच्या घराचं नाव घेणार होती. त्या बाईच्या पोराबाळांना दाणा पुरावा म्हणून.

काम गेलं. सोसायटीतली बाकीची कामंही गेली. ते परवडलं, दुसरीकडे मिळाली. पण आईनं त्यानंतर आमच्या स्वतःच्या घरातली मूठ काढणं थांबवलं. नवा तांदूळ आला की सरळ धुऊन शिजत घालायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "शहरात नाय चालत ते." तिनं कणसरीचं नाव घेतलेलं मी पुन्हा ऐकलं नाही. म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत नाही.

आता मी एका लॅबमध्ये काम करते. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. त्याच इंदिरानगरमधली माणसं माझ्यासमोर बाही वर करून बसतात आणि सुई टोचताना तोंड फिरवतात. आई गुडघ्यांमुळे घरीच असते. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून एक मालिका बघायचो. मोठं घर, भली सून, खाष्ट सासू आणि घरात सगुणा नावाची मोलकरीण. आईला सगुणा आवडायची. "ही नीट भांडी घासती," एवढंच म्हणायची.

त्या मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मालिकेच्या लेखिका तिथे यायच्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. प्रश्न विचारायचे, त्या उत्तरं द्यायच्या. सासूला अक्कल कधी येणार, सुनेला बाळ कधी होणार. सायखेड्याच्या एक काकू तर ताईंना आधी फुलांचा फोटो पाठवायच्या आणि मग प्रश्न. मजा यायची. खोटं कशाला बोलू, मी रविवारची वाट बघायचे.

एका रविवारी मी विचारलं, "ताई, सगुणा कायम दुसऱ्यांच्याच स्वयंपाकघरात दिसते. तिला घर नाही का? ते कधी दाखवणार?"

ताईंनी माझं नाव घेऊन उत्तर दिलं. "किती सुंदर प्रश्न! मला कुणीच हे विचारलं नव्हतं. तूच सांग ना, कसं असतं गं तिचं घर?"

इतक्या माणसांतून माझं नाव. मी हुरळले. लॅबमध्ये दिवसभर मला सगळे 'ओ सिस्टर' म्हणतात, आणि इथे टीव्हीवरची बाई मला नावानं विचारत होती.

मग ताईंनी मला वेगळा मेसेज केला. मला ऐकायचंय, म्हणाल्या. मनमोकळं सांग, मी तुझ्या मोठ्या बहिणीसारखी. मी व्हॉइस मेसेज पाठवत गेले. पेठ, आमची खोली, आई. आणि एक दिवस तो पदर. त्याआधी मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. सांगताना मी रडले, ते त्या मेसेजमध्ये तसंच गेलं. ताईंचं उत्तर आलं: "तू मला सोनं दिलंस. बघच, तुझ्या आईला मी न्याय देणार."

न्याय. हा शब्द त्यांचा. मी मागितला नव्हता.

ताई हे मालिकेत दाखवणार, असं आईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. चिरणं थांबलं. मग म्हणाली, "कणसरीचां नाव घेतील का?"

मी ताईंना विचारलं. "घेणार म्हणजे काय! त्याशिवाय सीन होईल का?" ताईंनी पुढे एक हसरा चेहरा पाठवला.

आईनं मला नवा तांदूळ आणायला लावला. दिवस नव्या तांदळाचेच होते, पेठहून मामानं पिशवी पाठवली. आई म्हणाली, "आताच नको उघडू. टीव्हीत दाखवू दे. मग मूठ काढू." पळसाची पानंही तिनं मागवली. मधल्या काळात ती दोनदा म्हणाली, त्या बाईच्या घरी पण टीव्ही असंलच. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. त्या तिघींनी बघावं. कळावं त्यांना, की ती चोर नव्हती.

तो भाग आला. आई नवी साडी नेसून पुढे बसली.

सगळं होतं. पदर होता, गाठ होती, चहाचे कप घेतलेल्या शेजारणीसुद्धा होत्या. तांदूळ फरशीवर सांडला. सगुणा म्हणाली, "चुकले ताईसाहेब. पोरं उपाशी आहेत हो." आणि मोठ्यानं रडली. मग भली सून आली. सासूला म्हणाली, "आई, भूक माणसाला काय काय करायला लावते!" सगुणाला उठवलं, पिशवीभर तांदूळ दिला, वर माफ केलं. सगुणा तिच्या पायांवर पडली. मागे बासरी. शेवटी सगुणानं झाडू घेतला आणि फरशीवरचा तांदूळ भरभर झाडून सुपलीत भरला.

कणसरीचं नाव नाही. नावालाही नाही.

"झाडू लावला गं," आई म्हणाली. पहिलं तेच म्हणाली. मग जाहिराती लागल्या आणि ती टीव्हीकडेच बघत राहिली. "मी परत चोर झाली," ती म्हणाली. "त्या टायमाला तिघीच होत्या."

नवा तांदूळ तसाच राहिला. पानं वाळली.

मला अजून वाटत होतं, ताईंना माहीत नसेल. वरच्या कुणीतरी बदललं असेल. म्हणून रविवारी ग्रुपवर गेले. तिथे कौतुकाचा पूर आलेला. 'रडवलंत ताई.' 'काय लिहिलंय!' आणि ताईंनी लिहिलं, "या सीनचं श्रेय आपल्याच एका लाडक्या मैत्रिणीला. तिची आई कामाला असताना अगदी असंच घडलं होतं." पुढे माझं नाव. पूर्ण, आडनावासकट.

अगदी असंच.

लोक मला धीर द्यायला लागले. धीर! गरिबीत होतं असं. लाज नको वाटून घेऊ. आईला म्हणावं, देवानं माफ केलंय. सायखेड्याच्या काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, "ज्या माउलीनं तुझ्या आईला क्षमा केली तिच्या चरणी नमस्कार."

मी लिहिलं, "माझ्या आईनं चोरी केली नव्हती. ताईंना मी खरं सांगितलं होतं."

लगेच ताईंचा फोन आला. आवाज गोड. "अगं, असं सगळ्यांसमोर का लिहितेस? घरातलं घरात बोलायचं ना."

"कणसरीचं नाव कुठे गेलं, ताई?"

"राणी, तुमचा तो देवबिव प्रेक्षकांना समजवायला वेळ नसतो आपल्याकडे. आणि मोलकरीणच बरोबर निघाली, तर माझ्या नायिकेनं करायचं काय?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. यात एक शब्द माझा नाही.

पुढे त्यांनी समजूत काढली. येत्या रविवारी लाइव्ह आहे, म्हणाल्या, तू आणि आई दोघी या स्क्रीनवर. आईनं फक्त हात जोडायचे, दोन शब्द बोलायचे, 'सगुणात मी मला पाहिलं' असं काहीतरी. लोकांना आवडेल. "बघ, तुझ्या आईचं आयुष्य बदलून जाईल."

आईला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? पण लाइव्हला मी गेले. लॅबचा पांढरा कोट घालून, मुद्दाम. आई आतल्या खोलीत होती आणि मधला पडदा उघडा होता.

स्क्रीनवर ताई दिसल्या. कपाळावर मोठी टिकली, मागे पुस्तकांचं कपाट. "आणि ही आपली ती गोड मुलगी! आई नाही आल्या? लाजल्या वाटतं. बोल गं, कसं वाटलं सगुणाला बघून?"

मी म्हणाले, "माझ्या आईनं कणसरीची मूठ काढली होती. कणसरी आमची दाण्याची देवी. मूठ त्या बाईच्या घरासाठी होती. तिला चोर त्या बाईनं ठरवलं आणि आता तुम्ही ठरवलंत. त्या बाईला खरं माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. आम्हाला माफी नको होती, ताई. ती तुम्ही मागा..."

माझा चौकोन काळा झाला.

त्यांचं चालूच होतं. मला ऐकू येत होतं. "नेटवर्क गेलं वाटतं बिचारीचं," ताई म्हणाल्या आणि हसल्या. तेच हसू. चहाचा कप तेवढा नव्हता. खाली लोक लिहीत होते. उपकाराची जाण नाही. यांना बोट दिलं की हात धरतात. यांना. मी एकटी बोलले होते, पण त्यांना लगेच आम्ही सगळे दिसलो. थोड्या वेळानं मला ग्रुपमधून काढून टाकलं.

मी आत गेले. आईनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, जवळ घेईल. ती म्हणाली, "कोण सांगायला गेलं होतं तुला?" आणि भिंतीकडे तोंड केलं. बरोबर होतं तिचं. झाकून ठेवलेलं तिचं दुखणं मी उचलून परक्या बाईच्या हातात दिलं होतं, तिनं नावानं हाक मारली म्हणून.

मी नव्या तांदळाची पिशवी फोडली. पळसाचं पान वाळलेलंच घेतलं. मूठ काढली आणि ठेवली. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं, म्हणून घराचं नाव तेवढं घेतलं. आमच्याच. आई उठली नाही. भात केला तर तोही जेवली नाही.

परवा ताईंचा पुन्हा मेसेज आला. राग सोड म्हणतात. सगुणाच्या घराचा ट्रॅक लिहायला घेतलाय, तुमच्याकडच्या लग्नातलं काही सांगतेस का, या वेळी आधी तुला वाचायला देईन. मी एकच शब्द पाठवला. नाही. मग त्यांचा नंबर काढून टाकला.

आमच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. ते मी सांगणार. माझ्या तोंडानं, कणसरीचं नाव घेऊन, माझं आडनाव लावून, आणि आईनं हो म्हटल्यावरच. ती कधीच हो म्हणाली नाही तर तिची गोष्ट तिच्याजवळ राहील, मी माझी सांगेन. ही माझी आहे. यात भली सून नाही. आम्हाला उठवायला इथे कुणी येत नाही, कारण कुणाच्या पायांवर आम्ही पडलेलोच नाही.

पदर सोड म्हणणारी माणसं अजून आहेत. काही दरडावून म्हणतात, काही राणी म्हणून म्हणतात. आईचा हात तेव्हा गाठीकडे गेला होता. माझा जाणार नाही.