पंखांना इस्त्री

गोकुलमच्या आमच्या गॅरेजात नवऱ्याने पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून विमान बांधलं. पंखांवर कापड चिकटवायचं. गरम इस्त्री फिरली की ते आक्रसून ताठ बसतं. त्याच्या हातून दोनदा करपलं. मग म्हणाला, "तुमचं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं घराणं, हे तुलाच जमेल." दोन्ही पंखांवर मीच घरातली इस्त्री फिरवली. वाकून वाकून कंबर धरली.

विमानात दोनच सीटा. दुसऱ्या सीटवर त्याचे सगळे मित्र बसून आले, शेजारी योग शिकायला आलेला परदेशीसुद्धा. मी विचारलं तर म्हणे, "अय्यो, तू घाबरशील."

परवा पेपरवाले आले, तेव्हा त्याने आत येऊन शर्ट माझ्या हातात कोंबला. "जरा इस्त्री मार गं."

फोटो छान आलाय. शर्टाला सुरकुती नाही, पंखांनाही नाही. खाली छापलंय, 'एकट्याने बांधलेलं विमान'.