वजिराची पाचवी स्लाइड

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आम्ही बीदरला गेलो होतो. बहामनी सुलतानाच्या एका इराणी वजिराने बांधलेला मदरसा तिथे आहे, अर्धा ढासळलेला, भिंतींवर थोड्या निळ्या फरशा उरलेल्या. इथे शारजातच जन्मलेली माझी तेरा वर्षांची लेक तिथून हलेना. "सो ही केम फॉर वर्क? लाइक अस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या सादरीकरण स्पर्धेसाठी तिने तोच वजीर निवडला. महिनाभर वाचलं. जहाजाने दाभोळला उतरलेला व्यापारी, पुढे वजीर झाला, दूरदेशीच्या पंडितांशी पत्रव्यवहार करायचा, ग्रंथ जमवायचा. त्याने कोकणावर स्वाऱ्या केल्या, हेही तिला सापडलं. माझं माहेर संगमेश्वर. तिने घाबरत विचारलं, "आई, शुड आय कीप धिस?" मी म्हटलं, "ठेव. खरं आहे ते." ती झाली पाचवी स्लाइड.

स्पर्धा दुबईत, ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये होती. परीक्षक होते मंडळातलेच एक ज्येष्ठ गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. तिसऱ्या स्लाइडला त्यांनी हात वर केला.

"बेटा, आपली इतकी थोर माणसं सोडून हा परका कशाला? याने आपलं कोकण लुटलं, ते नाही सांगितलंस!"

"काका, इट्स कमिंग, फिफ्थ स्लाइड..."

"बस. खलास."

माईक पुढच्या मुलाकडे गेला. माझी लेक लॅपटॉप छातीशी धरून उभीच राहिली. मी उठले.

"काका, पाचवी स्लाइड तीच आहे. तिला पूर्ण करू द्या."

"ताई, वेळ संपला."

"चार मिनिटं बाकी आहेत. आणि परका म्हणता? या देशात आपण कोण आहोत? तीस वर्षं इथे नोकरी करताय ना तुम्ही?"

ज्यांच्या घरी मी डबे पोचवलेत, त्या बायका मोबाइलमध्ये बघत होत्या. शेवटी लेकच माझा हात ओढत म्हणाली, "आई, प्लीज. लेट्स गो."

गाडीत ती रडली. "यू मेड इट वर्स," म्हणाली. तेही खरं होतं, त्यामुळे मी आणखी चिडले. मी मंडळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला. मी मंडळ सोडलं.

परवा शारजात, रोल्ला भागातल्या भाजीच्या दुकानात काका भेटले. हसून म्हणाले, "काय ताई, गेला का राग?"

"नाही," मी म्हटलं. "तो वजीर कसा मेला माहीत आहे तुम्हाला? दरबारातल्यांनी त्याच्या शिक्क्याचं, शत्रूला बोलावणारं खोटं पत्र केलं. सुलतान दारूच्या नशेत होता. वजीर सांगत राहिला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. सुलतानाने ऐकून घेतलं नाही, मान उडवली. तेही होतं तिच्या स्लाइड्समध्ये."

"अहो, मुलांची स्पर्धा ती..."

"म्हणूनच ऐकायचं होतंत."

काका तोंडल्यांच्या ढिगाकडे वळले. मी काही न घेताच बाहेर पडले. पार्किंगमध्ये गाडीची किल्ली दोनदा हातातून खाली पडली.