एक ओळ राहिली

आमच्या स्वयंपाकघरातली फरशी ज्यानं बसवली, तो माणूस आज या देशात आहे की नाही, मला माहीत नाही. कुणी म्हणतं बंगालात आपल्या गावाकडं गेला. कुणी म्हणतं, नेला आणि सीमेपलीकडं ढकलून दिला. विचारायला जावं तर कोणत्या तोंडानं जावं? माझ्या तोंडामुळंच तर सगळं झालं. तोंडामुळं आणि अक्षरामुळं.

मी सरकारी लिपिक. खातं सांगत नाही, सांगायची लाज वाटते. धाराशिवात एकतीस वर्षं नोकरी झाली. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सांगायला नको, कुठल्याही जुन्या साहेबाला विचारा. कॉम्प्युटर आले तरी हातानं काही लिहायचं निघालं की मलाच हाक. अक्षराचा मला गर्व, आणि मसुद्याचा त्याहून जास्त. कागदात एक वाक्य कमी पडलं तरी माझं डोकं फिरतं. ऑफिसातली नवी पोरं माझ्या नावानं खडे फोडतात ती त्यापायीच.

तीन वर्षांमागं आम्ही स्वयंपाकघराची दुरुस्ती काढली, तेव्हा हा फरशीवाला मिळाला. मालदा जिल्ह्यातला, मुसलमान, तिशीच्या आतबाहेरचा. बायकोला घेऊन इकडं येऊन सहा-सात वर्षं झाली होती. मराठी गवंड्यांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळं बोलणं आमच्यापेक्षा पक्कं. पहिल्याच दिवशी भिंतीला लेव्हल लावली आणि म्हणाला, "काका, गवंड्यानं डोळं झाकून बांधलंय व्हय हे? कोपरा लई वाकडा हाय." माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. मला म्हणाली, "बघा, तुम्ही नुसतं 'सदरहू' आणि 'उपरोक्त' करता. मराठी ह्याच्याकडनं शिका."

अकरा दिवस तो आमच्या घरात होता. त्याला चहा द्यायचा कप वेगळा होता, कान तुटलेला, तो मीच काढून दिला होता. बायको म्हणाली होती, "असू द्या की आपलाच." मी डोळे वटारले. त्यानं ते पाहिलं होतं की नाही कोण जाणे, पण चहा झाला की तो कप स्वतः धुवायचा आणि ओट्यापासून लांब, खिडकीत पालथा ठेवायचा. हेही लिहून टाकतो, लपवून काय करू?

मागच्या वर्षी हिवाळ्यात बेकायदा राहणाऱ्यांची शोधमोहीम निघाली. बंगाली बोलणारा दिसला की धर, कागद दाखव म्हण. एका सकाळी साहेबांनी मला आणि आमच्या शिपायाला बोलावलं. "पोलिसांना दोन पंच पाहिजेत. जाऊन या."

झडती घेताना पोलिसांना दोन त्रयस्थ माणसं लागतात. समोर जे घडलं ते कागदावर उतरायचं, त्याला पंचनामा म्हणायचं, आणि खाली पंचांनी सह्या करायच्या. बाहेरचे पंच कोर्टात शब्द फिरवतात, म्हणून सरकारी नोकर धरून नेतात. पंचांमुखी परमेश्वर म्हणतात आपल्याकडं. तो परमेश्वर जीपमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता.

जीपमध्ये फौजदारांनी विचारलं, "तिथं कुणी ओळखीचं न्हाय ना तुमच्या? ओळखीचा पंच चालत न्हाय."

"छे, माझ्या कशाला ओळखीचं असंल?" मी म्हणालो.

येडशीच्या रस्त्याला एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. खाली पत्र्याच्या खोल्या, त्यांत मजूर. पोलिसांनी चौघांना बाहेर काढून ओळीनं उकिडवं बसवलं. तिसरा तो. मला बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "काका!" म्हणाला. पाण्यात बुडणाऱ्याला काठ दिसावा, तसं.

फौजदार माझ्याकडं वळले. "ओळखता का ह्याला?"

आता काय बोलायचं? व्हय म्हटलं तर जीपमध्ये खोटं बोललो होतो का, असं विचारतील. पंच म्हणून बाद करतील, साहेबांना कळवतील. आणि खरं सांगू? बांगलादेशी म्हणून धरलेल्या माणसाच्या ओळखीचा निघायची मला भीती वाटली. मी म्हणालो, "न्हाय. हे लोक सगळ्यांनाच काका म्हणत असतात."

त्यानं नजर खाली घातली.

त्याची पेटी उघडली. आधार कार्ड, मतदार कार्ड, गावच्या शाळेचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. फौजदारांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "असली कार्डं बाजारात ढिगानं मिळतात. खरं बोल, पलीकडचा ना तू?"

"न्हाय साहेब. इकडचा हाय. मालद्याचा."

मग काठी पडली. मी खरं तेच लिहितोय: पहिली पाठीवर, दुसरी मांडीवर. तो "न्हाय साहेब, न्हाय साहेब" म्हणत होता. मग एका पोलीस शिपायानं त्याचा उजवा हात धरून विटांच्या थप्पीवर ठेवला आणि फौजदारांनी मनगटावर मारली. दोनदा. तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही. कुठंतरी वाळलेली तुराटी मोडावी, एवढासाच आवाज होता.

"पलीकडचा ना?"

"व्हय साहेब," तो म्हणाला. "व्हय, व्हय."

आमच्याकडनं शिकलेला शब्द. आमच्यात व्हय म्हणजे होकार असतो, आणि माणूस गयावया करतो तेव्हाही व्हयच म्हणतो. ऐका की, पुरे करा की, तुमचंच खरं. हे मला कळलं होतं. फौजदारही ह्याच मातीतले, त्यांनाही कळलं असणार. ते म्हणाले, "घ्या लिहून. कबूल केलं."

त्यांचा लेखनिक आजारी होता. "तुमचं अक्षर चांगलंय म्हणे, तुम्हीच लिहा." सिमेंटच्या पोत्यावर बसून, पॅड मांडीवर घेऊन मी लिहायला लागलो. ते सांगत गेले. सदर इसमाच्या ताब्यात अमुक अमुक वस्तू मिळून आल्या. सदर इसमाने आपण सीमेपलीकडील असल्याचे स्वखुशीने कबूल केले. समोर तो मनगट छातीशी धरून बसला होता आणि मी 'स्वखुशीने' या शब्दावरची वेलांटी नीट काढत होतो.

मजकूर संपवून फौजदारांनी सहीसाठी पॅड मागितलं. आणि इथं माझ्यातला कारकून जागा झाला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दाबलं नव्हतं, कुणाच्या मनातही नव्हतं. मीच म्हणालो, "साहेब, एक ओळ राहिली."

"कुठली?"

मी लिहून वाचून दाखवली. 'सदर कारवाई दरम्यान कोणासही मारहाण, दमदाटी वा बळजबरी करण्यात आलेली नाही.' अशा कागदाच्या शेवटी ही ओळ असतेच. तिच्याशिवाय कागद मला उघडा वाटत होता.

फौजदार हसले. "वा! क्लार्क असावा तर असा. आमच्या ध्यानातच आलं नसतं."

आणि मला बरं वाटलं. देवाशपथ, त्या क्षणी मला बरं वाटलं. थू माझ्या जिंदगानीवर.

त्याला बरेच दिवस अडकवून ठेवलं. मग गावाकडून पडताळणीचा कागद येईपर्यंत दर सोमवारी हजेरी लावायची, या अटीवर सोडलं. मनगट मोडलं होतं, प्लास्टर उशिरा घातलं, हाड वाकडं बसलं. फरशीवाल्याचा उजवा हात. त्याच्या बायकोनं मारहाणीची तक्रार केली आणि चौकशी लागली.

एका रविवारी दुपारी ती आमच्या दारात आली. तिला मराठी तोडकंमोडकंच येत होतं. पायरीवर बसली, आत या म्हटलं तरी आली नाही. जे सांगायचं ते बहुतेक पाठ करून आली होती. "वकील बोलला, पंच खरं सांगल तर कबुली जाईल. मारून घेतली म्हणून जाईल. न्हाय तर त्याला पलीकडं धाडतील. तिकडं आमचं कुणी न्हाय काका. कुणीच न्हाय." तेवढं बोलून झालं आणि ती माझ्या तोंडाकडं बघत बसली.

"बघू," मी म्हणालो.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "बघायचं काय त्यात? मारलं ना तुमच्यासमोर? मग मारलं म्हणून सांगायचं."

"तुला काय कळतंय? खोट्या पंचनाम्यावर सही केली असं माझ्याच तोंडानं सांगू? निलंबित करतील. पेन्शन वर्षा-दीड वर्षावर आलंय."

"आपल्या पोटाला काय कमी पडणार आहे? त्या पोरीचा तर संसारच उचलून फेकायला निघालेत."

मी तिच्यावर ओरडलो. लई ओरडलो. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला तेव्हा सगळ्यात जास्त राग येत होता. त्या दिवसापासून तिनं मला वाढायचं तेवढं वाढलं, बोलायचं बंद केलं.

चौकशीच्या दिवशी आधी आमच्या शिपायाला आत घेतलं. तो बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्या सांगितलं, मी जीपपाशी तंबाखू मळत होतो, मला काय दिसलं न्हाय." त्याचं खरंच होतं, तो बराच वेळ जीपपाशीच होता. म्हणजे पाहिलेला पंच आता मी एकटाच उरलो.

आत चौकशी अधिकारी, समोर पंचनामा. कोपऱ्यात स्टुलावर तो बसलेला, वाकडा हात मांडीवर ठेवून. अधिकारी सभ्य माणूस होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. असल्या वेळी समोरचा खेकसणारा असता तर बरं, निदान घाबरलो म्हणता आलं असतं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो साहेब."

"मजकूर कुणी सांगितला?"

"फौजदार साहेबांनी."

"सगळा?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ते म्हणतात, ही ओळ पंचांनी आपल्या मनानं घातली. खरं आहे का?"

"हो. ती माझी."

"मग हीच महत्त्वाची. सांगून लिहिलेलं वेगळं, स्वतःहून लिहिलेलं वेगळं." ते पुढं झुकले. आवाजात दटावणी नव्हती, माणूस खरंच विचारत होता. "नीट विचार करून सांगा. ही ओळ खरी आहे?"

दार माझ्यासाठी सताड उघडं होतं. एका शब्दाचं काम होतं. न्हाय. ते त्याला त्या दिवशी पाठीवर काठ्या खात दहादा म्हणता आलं होतं. मला खुर्चीत बसून, पाणी पिऊन, एकदा म्हणता आलं नाही.

"खरी आहे साहेब," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून सही केली. तोपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलाकडं मी बघितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. माझ्या मागोमाग तो बाहेर आला. तिनं त्याला घाईघाईनं काहीतरी विचारलं. तो तिच्याशी बंगालीत दोन वाक्यं बोलला. ती भिंतीपासून सुटली, तोंडावर हात घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला वाटलं, आता ही मला शिव्याशाप देणार. द्यावेत, मनातून मला ते हवेच होते.

तिनं माझ्यापुढं हात जोडले.

मला काही उमगेना. मी त्याला बाजूला घेतलं. "काय सांगितलंस रे तिला?"

"काकानं खरं सांगितलं म्हनलं."

"आणि असं का सांगितलंस?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दमलेला होता फक्त. "न्हाय तर ती रोज तुमच्या दारात येऊन बसंल. काकूला तरास. आन् तिला बी." मग म्हणाला, "धाडतील तवा कळंलच तिला. तवर निजू द्या."

तेवढ्यात ती पुन्हा पुढं आली. डोळे पुसत, शब्द शोधत म्हणाली, "काका, तुमचा लई उपकार."

आणि मी, त्याच्या देखत, तिला म्हणालो, "असू दे पोरी. कर्तव्यच होतं ते माझं."