रस्त्याला उसंत

आमच्या साडूंइतका खाली मान घालून चालणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. ती मान विनयानं झुकलेली आहे असं समजून आमच्या सासऱ्यांनी त्यांना थोरली मुलगी दिली. लग्नानंतर कळलं, की जावईबापू रस्ता बघत चालतात, तेही भिंग घेऊन. नोकरी इंजिनिअरिंग कॉलेजात, डांबर-खडीच्या प्रयोगशाळेत. आणि घरी आल्यावर स्वतःच्या मायक्रोस्कोपवर पुन्हा तेच. उखडलेल्या रस्त्याचा तुकडा दिसला की तो पिशवीत जातो. घरी त्याची पातळ चकती कापायची, घासून गुळगुळीत करायची आणि पेढ्यांच्या खोक्यात ठेवून वर गावाचं नाव लिहायचं. 'कळंब' लिहिलेलं खोकं एकदा मी मोठ्या आशेनं उघडलं होतं. एसटी आदळली की आपण सरकारच्या नावानं बोटं मोडतो, हे मात्र घरातलं कुणी दुरावल्यासारखे हळहळतात, "इथं डांबरानं खडी सोडली हो!" डांबर त्यांच्या लेखी जिवंत आहे. ऊन आणि उसंत मिळाली की त्यातल्या बारीक भेगा आपोआप मिटतात, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मीही आता ते चारचौघांत सांगतो.

या उसंतीपायीच घोटाळा झाला. ढोकीला सासऱ्यांच्या दारावरून नवा रस्ता झाला आणि त्यावरून पहिला ट्रॅक्टर त्यांचाच न्यायचा, असं गावानं ठरवलं. नारळ फुटला. उसानं भरलेली ट्रॉली, हार घातलेला ट्रॅक्टर, वर फेटा बांधलेले सासरे. आणि पुढं रस्त्याच्या मधोमध आमचे साडू, दोन्ही हात पसरून.

"मामा, डांबर अजून गरम आहे. संध्याकाळपर्यंत थांबा. आत्ता चाक गेलं तर आतली खडी सरकेल, कायमची चाकोरी पडेल."

"आख्ख्या गावापुढं मला खाली उतरवता व्हय पाव्हणं?" म्हणत सासरे उतरले आणि फेटा काढत घरात गेले. संध्याकाळी ट्रॅक्टर दुसऱ्यानंच नेला. पुढं दोन वर्षं सासरे साडूंशी अवाक्षर बोलले नाहीत. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाला बोलावणं यायचं ते सासूबाईंचं. साडू यायचे, खाली मान घालून जेवायचे. "रस्त्याचं मी बरोबरच केलं," ते मला म्हणायचे, "पण मामांचा नमुना कुठून घेऊ?"

तिसऱ्या उन्हाळ्यात ते मायक्रोस्कोपच घेऊन आले. माजघरातल्या टेबलावर त्याचा विजेचा दिवा लावून त्याच रस्त्याच्या कडेची चकती बघत बसले. सासरे पंख्याखाली बाजेवर. जेवणं झाली, आम्ही तिथंच लवंडलो. साडू पुन्हा टेबलाकडं निघाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "मला बी दावा की."

साडूंच्या हातातली सुपारी पडली. त्यांनी सासऱ्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. सासऱ्यांनी डोळा लावला तो बराच वेळ काढेचनात.

"बारीक भेग दिसते का मामा? मिटत आलीय बघा."

"व्हय," सासरे म्हणाले. "मिटली की. लई बारीक काम हाय तुमचं, पाव्हणं. चला, रस्ता बघून येऊ."

दोघं बाहेर गेले तेव्हा मला रडूच आलं. ते पुसून मीही डोळा लावला. आत मिट्ट काळोख. वर बघितलं तर पंखा थांबलेला. वीज केव्हाची गेली होती, आणि त्या पंख्याखाली इतका वेळ सासरेच तर बसले होते.

सासरे आता नाहीत. साडूंना मी हे अजून सांगितलेलं नाही. ढोकीला गेलो की ते त्या रस्त्यावरून एक फेरी मारतात. मान खालीच असते, हातात भिंग मात्र नसतं.